हिरवा हिरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिरवा हिरा म्हणजे पाचूच ना?

नाही. 'हिरा' आणि 'हिरवा' यांत एका अक्षराचंच अंतर असलं, तरी बहुतेकांनी हिरवा हिरा कधी पाहिलेलाच नसतो. त्यामुळे हिरवं रत्न म्हटलं की पाचूच डोळ्यांपुढे येतो. पाचू हे बेरिल जातीचं खनिज. त्याचा रंग क्रोमियम किंवा व्हॅनेडियममुळे येतो, त्याचा कठीणपणा दहाच्या मापावर साडेसात ते आठ असतो आणि आतल्या भेगा झाकण्यासाठी त्यात बहुधा तेल मुरवलेलं असतं. हिरवा हिरा हा इतर हिऱ्यांसारखाच कार्बन, कठीणपणा १०.

दिसायलाही दोघे वेगळे. पाचूचा हिरवा गडद आणि शांत असतो. हिऱ्याचा बहुधा फिका, कधी शेवाळी, कधी पुदिन्याच्या कोवळ्या पानासारखा. पण हलवला की आतून लखलखतो. पहिल्यांदा पाहणारा पुष्कळदा जरा हिरमुसतो. "एवढाच हिरवा?" होय, बहुतेक वेळा एवढाच.

मग हा रंग येतो कुठून?

पिवळ्या किंवा निळ्या हिऱ्यांची गोष्ट त्यामानाने सोपी आहे. नायट्रोजनमुळे पिवळा, बोरॉनमुळे निळा. म्हणजे हिरा जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल तयार होत असतानाच परका अणू आत शिरलेला असतो आणि रंग जन्मापासूनचा असतो.

अस्सल हिरव्या हिऱ्याचा रंग बहुधा जन्माचा नसतो, तो नंतर लागलेला असतो. हिरा ज्वालामुखीच्या वाटेने वर येतो, खडकात किंवा नदीच्या गाळात विसावतो आणि योगायोगाने त्याच्या शेजारी युरेनियमसारखं किरणोत्सारी द्रव्य असतं. कधी खनिजाच्या रूपात, कधी खडकातून झिरपणाऱ्या पाण्यात विरघळलेलं. त्यातून निघणारे कण हिऱ्यावर आदळत राहतात. कार्बनचा एखादा अणू आपल्या जागेवरून उडतो आणि ती जागा रिकामी राहते. अशा रिकाम्या जागा पुरेशा झाल्या की त्या लाल प्रकाश शोषू लागतात. लाल गेला की हिरा निळसर-हिरवा दिसतो. त्याच हिऱ्यात थोडा नायट्रोजन असेल, तर तो दुसऱ्या टोकाचा निळा-जांभळा प्रकाश शोषतो. दोन्ही बाजूंनी छाटून मधे उरतो तो हिरवा.

म्हणजे हिरवा हा रंग आत मिसळलेल्या कशाचा नाही, आतून निघून गेलेल्या अणूंचा आहे. मला या रत्नाचं आकर्षण वाटतं ते मुख्यतः यासाठी.

वरची साल हिरवी आणि आत पांढरा, असंही असतं म्हणे?

असतं, आणि तेच जास्त असतं. किरणोत्सारी द्रव्यातून निघणारे अल्फा कण जड असतात, पण हिऱ्यात फार खोल जात नाहीत. मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांपर्यंतच त्यांची धाव. त्यामुळे पुष्कळ कच्चे हिरे बाहेरून छान हिरवे दिसतात किंवा त्यांच्यावर हिरवे ठिपके असतात, आणि पैलू पाडायला घेतले की सालीबरोबर सगळा रंग निघून जातो. हातात उरतो तो साधा पांढरा किंवा पिवळट हिरा. गॅमा किरण आरपार जातात आणि हिरा आतपर्यंत रंगवतात, पण त्याला दीर्घ सहवास लागतो.

कच्चा हिरवा खडा घेणं म्हणूनच जुगार आहे. कापणारा कारागीर एकेक पैलू जपून पाडतो, दर वेळी थांबून रंग किती उरला ते बघतो, आणि शक्य तिथे मूळ सालीचा तुकडा कडेला तसाच ठेवतो. या सालीबद्दल शेवटी पुन्हा बोलू.

किरणांमुळे रंग आला म्हणजे हिरा किरणोत्सारी असणार. अंगावर घालणं धोक्याचं नाही का?

नैसर्गिक हिरव्या हिऱ्याच्या बाबतीत नाही. किरणं हिऱ्यावर पडली. हिरा स्वतः किरणं सोडत नाही. उन्हात रापलेल्या माणसाच्या अंगातून ऊन बाहेर पडत नाही, तसंच हे. अपवाद माणसाने केलेल्या काही जुन्या प्रयोगांचा आहे, तो पुढे येईल.

हा रंग इतका दुर्मीळ का?

कारण त्यासाठी एकामागून एक बऱ्याच गोष्टी जुळाव्या लागतात. हिरा किरणोत्सारी द्रव्याच्या अगदी जवळ हवा. तो तिथे फार मोठा काळ, बहुधा लाखो-कोटी वर्षं, पडून राहायला हवा. किरणांचा मारा नेमका हवा: कमी झाला तर रंग सालीपुरता, फार झाला तर हिरा इतका गडद की काळाच दिसतो. आणि या सगळ्या काळात त्याला ताप लागता कामा नये.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास हिऱ्यावरचे हिरवे डाग तपकिरी होतात. त्याहून वर गेलं की त्या रिकाम्या जागाच हलू लागतात आणि हिरवा रंग बिघडतो. हिरे जिथे तयार होतात तिथलं तापमान याच्या बरंच वर असतं. म्हणून अशा हिऱ्याला हिरवा रंग लागतो तो पृष्ठभागाजवळ, थंड जागी आल्यावरच. वाटेत कधी जमीन तापली, तर खेळ संपला. दक्षिण आफ्रिकेच्या विटवॉटर्सरँडमध्ये सोन्याबरोबर युरेनियमही असलेल्या प्राचीन गोटेखडकांत हिरवे हिरे मिळाले, ते उगीच नाही. झिम्बाब्वेच्या मरांगेमधले हिरे, ब्राझील आणि गयानाच्या नद्यांच्या गाळातले हिरे यांच्यावरही हिरव्या-तपकिरी खुणा आढळतात. पण केवळ हिरव्या हिऱ्यांसाठी ओळखली जावी अशी एखादी मोठी खाण नाही. गुलाबी हिऱ्यांना ऑस्ट्रेलियाची आर्गाइल खाण होती, तसं यांना माहेर नाही.

सगळेच हिरवे हिरे किरणांमुळे हिरवे होतात का?

नाही. काही हिऱ्यांत नायट्रोजन आणि रिकामी जागा यांची एक विशिष्ट जोडणी असते. ती उजेडात हिरवी झळाळते, आणि मूळचा पिवळा हिरा या झळाळीमुळे हिरवट दिसतो. उन्हात नेला की जास्त खुलतो. काहींच्या रंगामागे हायड्रोजन असतो, क्वचित निकेल. यांचे रंग बहुधा पिवळसर किंवा राखाडी झाक असलेले असतात. नितळ, किंचित निळसर असा जो हिरवा सगळ्यांना हवासा वाटतो, तो बहुतेक करून किरणांचाच.

'कॅमेलियन' हिरा म्हणजे काय?

सरड्यासारखा रंग बदलणारा. एरवी तो राखाडी-हिरवा किंवा ऑलिव्हसारखा दिसतो. दीडशे अंशांच्या आसपास तापवला किंवा बराच वेळ काळोखात ठेवला, की पिवळा-नारिंगी होतो आणि उजेडात थोड्या वेळात परत हिरवा. रात्रभर डबीत ठेवलेली अंगठी सकाळी उघडून पाहण्यात गंमत आहे. मात्र गंमत म्हणून तो वारंवार तापवू नका. त्यासाठी काळोखाची युक्ती पुरते. आणि सगळ्याच हिरवट हिऱ्यांना हा गुण नसतो, त्यामुळे कुणी तसा दावा केला तर प्रमाणपत्रात तो शब्द आहे का ते पाहा.

माणसाला हिरा हिरवा करता येतो का?

येतो, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ येतो आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिरे रेडियमच्या क्षारात पुरून ठेवले. ते बाहेर काढले तेव्हा हिरवे झाले होते. त्यातला एक त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दिला. रेडियम निम्मं व्हायला सुमारे १,६०० वर्षं लागतात, म्हणून रेडियमने रंगवलेले ते जुने हिरे आजही किरणोत्सारी आहेत. वर म्हटलेला अपवाद तो हाच. जुन्या दागिन्यातला खूप हिरवा, डागाळल्यासारखा हिरा हाती आला तर गायगर काउंटरने, म्हणजे किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राने, तपासून घेणं शहाणपणाचं.

१९४० च्या दशकात या कामासाठी सायक्लोट्रॉन, म्हणजे विद्युतभारित कणांना प्रचंड वेग देणारी यंत्रं, वापरात आले. त्यांतून रंगवलेल्या हिऱ्यांत रंग एका पातळ थरात बसायचा. वरून पाहिलं की तळाच्या टोकाभोवती उघड्या छत्रीसारखी आकृती दिसायची, त्यामुळे चोरी पकडली जायची. पुढे अणुभट्ट्या आणि इलेक्ट्रॉनचा मारा करणारी यंत्रं वापरात आली. आता रंग एकसारखा आतपर्यंत जातो. भट्टीत न्यूट्रॉनचा मारा झालेली रत्नं विक्रीआधी काही काळ ठेवून तपासावी लागतात. अमेरिकेत त्यावर अणुनियामक आयोगाचं नियंत्रण आहे.

प्रयोगशाळेत वाढवलेले हिरेही याच पद्धतीने हिरवे केले जातात. तसं सांगून, त्या किमतीला विकले तर त्यात वावगं काही नाही. दिसायला सुंदरच असतात, कित्येकदा नैसर्गिक हिऱ्याहून जास्त हिरवे.

मग खरा-खोटा ओळखायचा कसा? तपासणीत कळतंच असेल ना?

इथेच खरी मेख आहे. पिवळा रंग देणारा नायट्रोजन किंवा निळा रंग देणारा बोरॉन जन्माच्या वेळी आत गेला, त्याची रचना काळाने घडलेली असते. पण किरणाने अणू उडवला, तर तो निसर्गातल्या युरेनियमने उडवला की यंत्राने, हे मागे राहिलेल्या रिकाम्या जागेला ठाऊक नसतं. हिरा कुठला प्रकाश किती शोषतो हे दाखवणाऱ्या वर्णपटात दोन्हींत ७४१ नॅनोमीटरला, म्हणजे लाल भागात, तीच रेघ दिसते. हिरा द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांपर्यंत थंड करून वर्णपट घेतला, तरी ती रेघ दोन्हीकडे तीच.

म्हणून तपासनीस आडवाटेने जातात. पृष्ठभागावर हिरवे-तपकिरी डाग उरले आहेत का? रंग आत कसा पसरला आहे, थरांत, ठिपक्यांत की पैलूंच्या आकाराला धरून? पैलूंना धरून असेल तर रंग कापल्यानंतर चढवला, हे उघड आहे. निसर्गाला पैलू माहीत नसतात. वर्णपटात तापवल्याच्या खुणा आहेत का? आतले डाग आणि नायट्रोजनचं प्रमाण त्या रंगाशी जुळतं का? असे पुरावे एकमेकांवर रचत निष्कर्ष काढावा लागतो. जाणकाराला हिऱ्याचं पाणी नजरेने जोखता येतं, हिरव्या हिऱ्याचा इतिहास नजरेने जोखता येत नाही. "मी बघूनच सांगतो, अस्सल आहे" असं कुणी म्हणालं, तर त्याच्या अनुभवाला नमस्कार करावा आणि प्रमाणपत्र मागावं.

प्रमाणपत्रात रंगाच्या उगमापुढे 'अनडिटरमाइंड' लिहिलंय. म्हणजे हिरा खोटा?

खोटा नाही. हिरा हिराच आहे. त्याचा रंग निसर्गाचा की यंत्राचा, हे उपलब्ध पुराव्यावरून ठरवता आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. जीआयएसारख्या (जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका) नावाजलेल्या रत्नपरीक्षण संस्थाही हिरव्या हिऱ्यांच्या बाबतीत असा शेरा देतात. इतर रंगांत ही वेळ क्वचितच येते. अर्थात बाजारात त्या शेऱ्याने किंमत फार खाली येते आणि ते योग्यच आहे. 'नॅचरल' या एका शब्दासाठी इथे पैसे मोजले जातात, आणि तो शब्द नसेल तर त्याचे पैसेही देऊ नयेत.

नावाजलेले हिरवे हिरे कोणते?

सगळ्यांत वडीलधारा ड्रेस्डेन ग्रीन. सुमारे ४१ कॅरट, म्हणजे जेमतेम ८ ग्रॅमचा, पण बदामी घाटाचा आणि रंगाने एकसारखा. अठराव्या शतकात सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा ऑगस्टस तिसरा याने तो घेतला. त्या काळी जगाच्या बाजारात बहुतेक हिरे भारतातून जात, म्हणून हाही तिथलाच मानला जातो. १७६८ मध्ये तो टोपीला लावायच्या अलंकारात जडवला गेला आणि आजही त्याच कोंदणात आहे. ड्रेस्डेनच्या 'ग्रीन व्हॉल्ट' संग्रहालयात नोव्हेंबर २०१९ मध्ये मोठी चोरी झाली, तेव्हा हा हिरा प्रदर्शनासाठी न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये गेलेला होता. नशीब म्हणतात ते हे.

अभ्यासकांना तो वेगळ्याच कारणाने मोलाचा आहे. किरणोत्सार म्हणजे काय, हेच जगाला १८९६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ बेकरेलमुळे कळलं. त्याच्या दीडशे वर्षं आधीपासून या हिऱ्याची नोंद आहे. म्हणजे त्याचा रंग माणसाने चढवलेला असणं शक्यच नाही. नैसर्गिक हिरवा कसा असतो हे ताडून पाहायला असा निःशंक नमुना दुसरा मिळणं अवघड. म्हणूनच १९८८ मध्ये रत्नतज्ज्ञांनी ड्रेस्डेनला जाऊन त्याची तपासणी केली.

अलीकडचा म्हणजे ऑरोरा ग्रीन. वजन ५.०३ कॅरट, जेमतेम एक ग्रॅम. मे २०१६ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात तो सुमारे १ कोटी ६८ लाख डॉलरना गेला. त्याच्या प्रमाणपत्रावर 'फॅन्सी व्हिव्हिड ग्रीन' असं लिहिलेलं आहे आणि पुढे-मागे कुठल्या दुसऱ्या रंगाची झाक नाही. साडेपाच कॅरटचा त्रिकोणी ओशन ड्रीम हा निळा-हिरवा. तो २००३ मध्ये स्मिथसोनियनच्या प्रदर्शनात होता आणि २०१४ मध्ये जिनिव्हात सुमारे ८६ लाख डॉलरना विकला गेला. मला विचाराल तर तिघांत तो सर्वांत देखणा.

रंगाची प्रत कशी वाचायची?

फिक्याकडून गडदाकडे फेंट, व्हेरी लाइट, लाइट, फॅन्सी लाइट, फॅन्सी, फॅन्सी इंटेन्स, फॅन्सी व्हिव्हिड अशा पायऱ्या आहेत. काळोख जास्त असेल तर फॅन्सी डीप किंवा फॅन्सी डार्क. त्यापुढे रंगाचं नाव. नावातला शेवटचा शब्द मुख्य रंगाचा, आधीचा झाकेचा. 'यलोइश ग्रीन' हा हिरवा हिरा, 'ग्रीनिश यलो' हा पिवळा. बोलताना दोन्हींना हिरवाच म्हटलं जातं आणि किमतीत मात्र मोठं अंतर पडतं, तेव्हा शब्दांचा क्रम नीट पाहा. राखाडी झाक आली की भाव उतरतो, निळसर झाक आली की चढतो.

आत डाग असलेला चालेल का?

चालेल. इथे रंग आधी, स्वच्छता नंतर. ऑरोरा ग्रीनसुद्धा पूर्ण निर्दोष नाही.

दागिन्यात कुठला धातू आणि कुठला घाट शोभतो?

पिवळसर-हिरव्याला पिवळं सोनं साथ देतं, खड्याखालून उबदार प्रकाश परत येतो आणि रंग भरलेला वाटतो. निळसर-हिरव्याला तेच सोनं मारक ठरतं. त्याला प्लॅटिनम किंवा पांढरं सोनं द्यावं. भोवती गुलाबी हिऱ्यांची बारीक महिरप केली तर हिरवा उठून दिसतो, कारण लाल आणि हिरवा एकमेकांना उजळवतात. भोवती पाचू लावण्याचा मोह मात्र टाळा. पाचूपुढे फिका हिरवा हिरा पार बापुडवाणा दिसतो.

घाटाचं म्हणाल तर रेडियंट (छाटलेल्या कोपऱ्यांचा चौकोनी) आणि कुशन (गोलसर कोपऱ्यांचा चौकोनी) जास्त दिसतात, कारण त्यांत प्रकाश आत जास्त फिरतो आणि रंग गडद भासतो. गोल घाटात कच्च्या खड्याचं वजनही जास्त वाया जातं. निर्णय घेण्यापूर्वी हिरा दुकानातल्या झगझगीत दिव्यांखालून काढून खिडकीच्या उजेडात, सावलीत आणि घरातल्या साध्या दिव्याखाली पाहा.

रोज वापरला तर रंग उडेल का? दुरुस्तीला दिला तर?

अंगावरच्या उष्णतेने, उन्हाने, पाण्याने काही होत नाही. कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुवा, बस्स.

दुरुस्तीची मात्र भीती बाळगावी. सोनं-चांदी जोडताना वापरतात त्या ज्योतीचं तापमान हिरवा रंग बिघडवणाऱ्या मर्यादेच्या कितीतरी वर जातं. पांढऱ्या हिऱ्याची अंगठी कारागीर खडा न काढताच झाळू शकतो, आणि त्या सवयीने हिरव्यालाही तेच करेल. कोट्यवधी वर्षांचा रंग मिनिटभरात तपकिरीकडे झुकला तर तो परत आणता येत नाही. अंगठी मोठी-लहान करायची असली तरी आधी खडा काढायला सांगा, आणि हे तोंडी न ठेवता पावतीवर लिहून घ्या.

गुंतवणूक म्हणून घ्यावा का?

लिलावातले आकडे मोजक्या, असामान्य खड्यांचे असतात. साधारण प्रतीच्या हिरव्या हिऱ्याला घेणारा मिळायला वेळ लागतो, आणि उगमाबद्दल शंका असेल तर फारच. आवडला म्हणून घ्या. विकायची वेळ आलीच तर 'नॅचरल' लिहिलेलं प्रमाणपत्र हाताशी असू द्या.

माझ्या हिऱ्याच्या कडेला एक खरबरीत, पॉलिश न केलेला भाग आहे. भिंगातून त्यावर हिरवट-तपकिरी ठिपके दिसतात. कारागिराने काम अर्धवट सोडलं का?

बहुधा मुद्दाम सोडलं. ही तीच मूळची साल. कापल्यानंतर यंत्राने रंगवलेल्या हिऱ्यावर असे ठिपके सहसा नसतात, म्हणून तपासनीस प्रथम तिथेच भिंग लावतात. कुणी "एवढं घासून गुळगुळीत करून देतो, फुकटात" म्हणालं तर अंगठी परत मागून घ्या.